नवी पेठेतलं बंदर

एप्रिल लागला की सोलापूर दुपारी बारालाच दारं लावून घेतं. रस्त्यावर उरतात ते कलिंगडाच्या गाड्या, कानाला उपरणं गुंडाळलेले रिक्षावाले आणि परीक्षेला निघालेली पोरं. आमच्या कॉलेजच्या आवारातला कडुनिंब मोहोरतो, त्याचा कडवट गोड वास वर्गात शिरतो, आणि पर्यवेक्षण करताना मला दरवर्षी उगाचच आनंद होतो. परीक्षेच्या दिवसांत आनंद होणारी अख्ख्या कॉलेजात मी एकटीच असेन. सहकारी म्हणतात, मॅडमना ऊन लागलंय. लागलं असेल.

यंदा माझ्या टेबलावर एम.ए.च्या प्रकल्पांचा गठ्ठा आहे. विषय मीच दिलेला: इंग्रज गेल्यानंतरच्या कादंबऱ्यांतलं शहर. विद्यापीठाच्या भाषेत त्याला भारदस्त नाव आहे, त्यात 'वसाहतोत्तर' असा एक शब्द येतो आणि तो उच्चारला की निम्मा वर्ग वहीत तोंड खुपसतो. काल त्यातला एक प्रकल्प वाचताना मी थांबले. लिहिणारी मुलगी मैंदर्गीहून रोज एसटीने येते. घरी कन्नड बोलते, कॉलेजात मराठी, आणि पेपर इंग्रजीत लिहिते. तिच्या कादंबरीतलं शहर एका लांबच्या बेटावरचं. पण तिने लिहिलंय की नायक आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघतो आणि वेशीजवळच्या बाईकडून हरभऱ्याची पेंडी घेतो. त्या कादंबरीत आठवडी बाजार नाही, वेस तर नाहीच नाही. बाजार मैंदर्गीत भरतो.

मी लाल पेनाचं टोपण काढलं, आणि मग मला असं हसू लोटलं की आतल्या खोलीतून आण्णांनी विचारलं, "काय झालं गं?" आण्णा म्हणजे माझे वडील. हल्ली माझ्याकडेच असतात. ऐकायला कमी येतं, पण माझं हसणं त्यांना बरोबर ऐकू येतं.

"बंदर सापडलं, आण्णा," मी ओरडून सांगितलं.

"अजून एक?" आण्णा म्हणाले.

वीसेक वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. मीही एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मलाही हाच विषय मिळाला होता. प्रकल्प पास झाला तर एम.ए. पुरं, नाहीतर एक वर्ष घरी. आण्णा तेव्हा पोस्टमन होते आणि त्यांनी ऑफिसात, चहाच्या हॉटेलात, वाटेतल्या निम्म्या दारांत आधीच सांगून टाकलं होतं की आमची प्रज्ञा प्राध्यापक होणार. त्यामुळे नापास झाले असते तर ती बातमीही घरोघर वाटली गेली असती, आणि तीही त्यांच्याच हातून.

माझ्याकडे तीन कादंबऱ्या होत्या, पैकी मुख्य एक: आफ्रिकेतल्या एका बंदराच्या शहरातली. गावाकडून आलेला एक तरुण तिथे सरकारी कचेरीत कारकुनी करतो, गर्दीतून चालतो, घामाघूम होतो, आणि शेवटी कुणालाही न सांगता शहर सोडून जातो. माझ्याकडच्या सगळ्या गाईडांत एकच निष्कर्ष होता. नव्या स्वतंत्र देशातलं शहर माणसाला गिळतं, त्याला कुणी ओळखत नाही, तो तुटलेला असतो. मीही प्रत्येक पानावर 'तुटलेपण' हा शब्द घालत सुटले होते. मी स्वतः कुठल्याच मोठ्या शहरात एक दिवसही राहिले नव्हते, हा भाग वेगळा.

आण्णा दुपारी तीनच्या सुमाराला टपाल वाटून यायचे. पाय धुवायचे, ताक प्यायचे, आणि फरशी ओल्या फडक्याने पुसून तिच्यावरच बसायचे. शेजारची लक्ष्मक्काही त्या वेळी विड्यांच्या पानांचं सूप घेऊन यायची. तिचं घर विणकरांचं. नवरा यंत्रमागावर, ती विड्या वळायची. आमच्याकडे कूलर होता आणि तिच्याकडे नव्हता, एवढंच ते येण्याचं कारण, पण तिने ते कधी कबूल केलं नाही. "तुझा अभ्यास ऐकायला आले बाई," म्हणायची. मागल्या गल्लीतले माग खटाखट चालू असायचे, कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास यायचा, आणि मी पुस्तकावर पेंगायची.

एकदा आण्णा म्हणाले, "मनात वाचू नगं, झोप येती. आमाला सांग की काय हाय त्यात."

आण्णांना इंग्रजी फक्त पत्त्यापुरतं येत असे. कुठल्याही डॉक्टरचं, कुठल्याही वकिलाचं अक्षर त्यांनी लावलं असतं, पण त्यापुढचं वाक्य नाही. मग मी मराठीत गोष्ट सांगू लागले. नायकाचं नाव तोंडात बसेना, म्हणून आण्णांनी त्याला 'कारकून'च म्हणायचं ठरवलं. आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला, कारण गोष्ट ऐकताना आण्णा पोस्टमनच राहायचे.

"राहतो कुटं?"

"एका खोलीत, भाड्यानं."

"खोली कुटं हाय? पत्ता काय?"

"तसा पत्ता दिलेला नाही, आण्णा."

"मग गावाकडनं आईचं पत्र कसं येतं त्याला?"

ते खरंच येत होतं. बाविसाव्या पानावर. मी ते चारदा वाचलं होतं आणि मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

"आणि हापिसापासनं बंदर किती लांब?"

आता हे मला कुठून माहीत असणार? मी हार मानली आणि ते सगळं शहर उचलून सोलापुरात आणून ठेवलं. कचेरी ठेवली नवी पेठेत, कारण तशी गर्दी, तशी कापडाची दुकानं, तसे एकमेकांच्या पायावर पाय देणारे लोक मी दुसरीकडे पाहिलेच नव्हते. बंदर ठेवलं नवी पेठेच्या शेवटाला. समुद्र आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता, पण आण्णांचं गाव उजनीच्या पाण्याकाठचं, तेव्हा समुद्र म्हणजे पलीकडचा काठ न दिसणारी उजनी, असं ठरलं. लक्ष्मक्काने त्यात आपली भर घातली. बंदरावर उतरणारा माल म्हणजे सुताची बाचकी, याबद्दल तिला शंकाच नव्हती. सोयीसाठी मी हे सगळं वहीत तसंच लिहून ठेवू लागले. नवी पेठ, बंदर, उजनी.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या तीन कादंबऱ्यांच्या लेखकांना आपापलं शहर असं फरशीवर मांडलेलं दिसलं असतं तर गंमत वाटली असती. पुस्तकात आपण ज्याला शहर म्हणतो ते वाचणाऱ्याच्या ओळखीच्या दोन-चार गल्ल्यांवरच उभं राहतं. ज्याने मोठं शहर पाहिलेलं नाही त्यानेही ते वाचायचं असतंच ना? मग तो आपलं गाव थोडं ताणतो. मला हे तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त मजा येत होती, आणि अभ्यासात मजा येतेय म्हणजे काहीतरी चुकतंय अशी भीतीही वाटत होती.

आण्णांना सगळ्यात जास्त राग यायचा तो माझ्या लाडक्या वाक्याचा. गर्दीत त्याला कुणी ओळखत नाही.

"असं कसं? तू इचारलंस का कुणाला?"

"पुस्तकात कुणाला विचारणार?"

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. अपुऱ्या पत्त्याचं पत्र आलं की ते थैलीत न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवायचे, छातीजवळ, म्हणजे विसरत नाही. आणि 'घेणारा सापडत नाही' असा शेरा मारून ते परत पाठवण्याआधी तीन ठिकाणी विचारायचे. "मानूस च्या कुटं पितो, पीठ कुटं दळतो, आणि आजारी पडला की कुणाकडं जातो. ह्या तीन जागी इचारल्याबिगर शेरा न्हाय मारायचा. लई अवघड दिसतं, पन च्याच्या गाड्यावरच काम हुतं बग."

मी केवळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून कादंबरी पुन्हा उघडली, आणि कारकून चहा कुठं पितो ते शोधू लागले. चहा नव्हता. पण बंदराच्या वाटेवर तळलेले मासे विकणारी एक बाई होती. पहिल्यांदा येते तेव्हा अर्ध्या वाक्यात. कारकून तिच्याकडे खातो, आणि ती त्याला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारते. ते गाव किती लांब, किती लहान! पुढे पन्नास पानांनी ती पुन्हा येते, पुन्हा अर्धंच वाक्य, पुन्हा तीच हाक. कारकून तापाने फणफणतो तेव्हा दारात कुणीतरी पानात बांधलेले मासे ठेवून जातं. कोण, ते लेखक सांगत नाही. गाईडांत तर त्या बाईचा पत्ताच नव्हता.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा लक्ष्मक्काचे हात विडीवर थांबले. "अय्यो, ती बाईच की! दुसरं कोण ठेवणार?"

"सापडला," आण्णा म्हणाले, आणि खिशावर हात मारला.

मला त्या दुपारी फार फार आनंद झाला. पण निष्कर्ष बदलायची हिंमत झाली नाही. गाईडं लिहिणारे मोठे लोक, आणि इकडे एक पोस्टमन आणि एक विड्या वळणारी बाई. मी निष्कर्षात 'तुटलेपण' तसंच ठेवलं.

तेवढ्यात वस्तीत जयंतीची तयारी सुरू झाली. दर एप्रिलला आमच्याकडे परीक्षा आणि जयंती हातात हात घालूनच येतात. गल्लीवर निळ्या पताका चढल्या, संध्याकाळी लेझीमचा सराव, हलगीचा आवाज भिंतीतून आत. मी सिद्धान्त पाठ करायची ते हलगीच्या तालावर. अजूनही काही व्याख्या मला त्या तालाशिवाय आठवत नाहीत. आण्णा वर्गणीच्या नव्हे, पण जेवणाच्या समितीत होते, आणि दुपारच्या बैठकीला आता लापशी किती शिजवायची हा विषयही येऊ लागला. त्या धामधुमीत, प्रकल्प द्यायच्या अगदी आदल्या दिवशी, मी तो टाइप करून घ्यायला गेले. टाइप करणाऱ्याला मिरवणुकीला जायचं होतं, मलाही जायचं होतं. मी वहीतून भराभर इंग्रजीत सांगत गेले, तो भराभर बडवत गेला. संध्याकाळी स्पायरल बाइंडिंग झालं. मी ते घरी टाकलं, निळी साडी नेसले आणि पहाटेपर्यंत राहायचं ठरवून आठ वाजताच पाय दुखतात म्हणून परत आले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, धारवाडकडचे. पांढरा सदरा, शांत चेहरा. माझ्या प्रकल्पात त्यांनी एका पानात बोट घालून ठेवलं होतं. शेजारी आमच्या मॅडम बसल्या होत्या.

"मी सोलापूरला पुष्कळदा येतो हो," ते मराठीत म्हणाले. "नवी पेठेत चादरी घेतो. पण तिथलं बंदर काही मला कुणी दाखवलं नाही."

मला कळेना. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. इंग्रजी वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: कारकून घाम पुसत नवी पेठेतून बंदराकडे चालत जातो आणि गर्दीत त्याला कोणीही ओळखत नाही.

मॅडम खिडकीबाहेरचा कडुनिंब पाहू लागल्या.

"सर, तिथं बंदर नाहीये," मी म्हणाले.

"ते मला माहीत आहे."

मग मी सगळं सांगून टाकलं. फरशी, ताक, पोस्टमन वडील, लक्ष्मक्का, उजनी. सांगताना एक वर्ष घरी बसलेली मी मला स्वच्छ दिसत होते. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "बरं. पत्ता चुकला. उरलेलं वाक्य तरी बरोबर आहे ना?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. सगळी गाईडं माझ्या बाजूने होती, माझा स्वतःचा निष्कर्षही होता. पण मला आण्णांचा खिशावर मारलेला हात दिसला.

"नाही सर. ते वाक्य दोनदा चुकलंय. त्याला ओळखणारी बाई आहे तिथं. ती त्याला गावाच्या नावानं हाक मारते."

"म्हणजे तुमचा निष्कर्ष चुकला."

"हो सर."

"मग कुणाचा बरोबर?"

"आमच्या आण्णांचा."

त्यांनी प्रकल्प मिटला. मासेवाली आण्णांना कशी सापडली, एवढंच विचारलं. मी तीन जागांची पद्धत सांगितली. ते "हं" म्हणाले, आणि मला जायला सांगितलं. त्या "हं"चा अर्थ लावत मी रडत घरी आले.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "चुकीचा न्हाय पत्ता तो," म्हणाले, "अपुरा हाय. फरक हाय त्यात." लक्ष्मक्का मात्र हसून हसून आडवी झाली, सुपातली पानं कूलरच्या वाऱ्याने घरभर उडाली आणि ती गोळा करता करता मीही हसू लागले. दुसऱ्या दिवशी आण्णांनी ही गोष्ट ऑफिसात सांगितली. तिसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या चहाच्या हॉटेलात. मी त्यांना हात जोडले, पण बातमी वाटणं हा त्यांचा धंदाच होता.

निकाल लागला, मी पास झाले. चांगले गुण मिळाले. आण्णांनी पेढे वाटले तेव्हा लोक मला "बंदर कसं आहे?" असं विचारत होते.

उद्या मैंदर्गीच्या त्या मुलीची तोंडी परीक्षा आहे. मी लाल पेन मिटून ठेवलंय. तिचा आठवडी बाजार मी खोडलेला नाही, फक्त समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहिलाय: हरभरा विकणारी बाई त्याला काय म्हणून हाक मारते? तिने उद्या पुस्तक उघडून शोधावं. आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिला घाबरवू नगं म्हंजे झालं."

एक सांगायचं राहिलं. निकालानंतर काही दिवसांनी, दुपारीच, दारावर थाप पडली आणि बाहेरून हाक आली, "पोस्ट!" आवाज आण्णांचा. स्वतःच्या घरी येताना त्यांनी अशी हाक कधीच दिली नव्हती. मी दार उघडलं तर ते खाकी कपड्यांत, घामाने डबडबलेले, बाहेरच उभे. आत या म्हटलं तर येईनात. त्यांनी थैलीला हात लावला नाही. शर्टाच्या खिशातून एक पोस्टकार्ड काढलं.

पत्ता असा होता: कु. प्रज्ञा, मासेवालीच्या शेजारी, बंदराजवळ, नवी पेठ, सोलापूर.

ते कार्ड आधी नवी पेठेच्या पोस्टमनच्या हाती पडलं होतं. त्याने सकाळी ते आण्णांपुढे धरलं, "आण्णा, तुमचंच दिसतंय." आण्णांनी घेतलं नाही. "तुज्या बिटातलं हाय, तू तीन जागी इचार," म्हणाले. पहिल्याच जागी, चहाच्या हॉटेलात, गल्ल्यावरच्या माणसाने पत्ता वाचून सांगितलं, "बंदर म्हणजे पोस्टमन आण्णांची पोरगी, आणखी कोण?" मग ते रीतसर आण्णांच्या बिटात, म्हणजे आमच्या भागात, आलं.

मागच्या बाजूला धारवाडच्या सरांच्या चारच ओळी होत्या. 'कादंबरी पुन्हा वाचली. ती बाई मलाही पूर्वी दिसली नव्हती. हे कार्ड माझ्याकडे परत आलं तर गाईडं बरोबर आहेत. पोचलं तर तुमचे वडील.'

मी उंबऱ्यात उभी राहून ते मोठ्याने वाचलं. शेजारून लक्ष्मक्का सूप घेऊन बाहेर आली होती. आण्णांनी रजिस्टर पत्रांची वही उघडली, माझ्यासमोर धरली आणि कानावरचं पेन हातात दिलं.

"सही कर," म्हणाले.

साध्या कार्डाला सही लागत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी सही केली.